शेजाऱ्याच्या अंगणातून

१९९३ सालच्या ऑगस्टअखेरीस शिकागोतल्या पामर हाउस या जुन्या हॉटेलात जगभरातून सुमारे आठ हजार माणसे गोळा झाली. निमित्त होते सर्वधर्म परिषदेच्या शताब्दीचे. आठवडाभर भाषणे, प्रार्थना, वाद झाले आणि ४ सप्टेंबरला धर्मप्रतिनिधींच्या एका छोट्या सभेतून एक जाहीरनामा बाहेर पडला. ‘वैश्विक नीतीच्या दिशेने’ असे त्याचे नाव. त्याखाली सह्या करणाऱ्यांत बौद्ध, ख्रिस्ती, हिंदू, जैन, ज्यू, मुसलमान, शीख, पारशी होते आणि अमेरिकेतले मूलनिवासीही होते.

या कागदाची पहिली गंमत अशी, की धर्माच्या माणसांनी एकत्र येऊन काढलेल्या या मजकुरात ईश्वराला साक्षीला बोलावलेले नाही. मसुदा लिहिणारे हान्स क्यूंग स्वतः कॅथलिक धर्मगुरू. तरी त्यांनी ते नाव जाणूनबुजून बाजूला ठेवले. बौद्धांना सृष्टिकर्ता ईश्वर मान्य नाही, जैनांनाही नाही. परिषदेच्या व्यासपीठावर देवाचा घोष इतका चालला होता, की काही बौद्ध प्रतिनिधींनी त्यावर जाहीर नापसंती दाखवली. सगळे धर्म एकाच परमेश्वराकडे जातात, हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! ज्याच्या घरात परमेश्वरच नाही, त्याला आपण न विचारता आपल्या दिंडीत उभे करतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

ईश्वर बाजूला ठेवल्यावर हातात उरते ते वागणे. जाहीरनाम्याने तिथेच पाय रोवला. प्रत्येक माणसाशी माणुसकीने वागले पाहिजे, हे त्याचे मूळ सूत्र. त्याला जोड आहे ती सगळ्या परंपरांत या ना त्या रूपात सापडणाऱ्या एका नियमाची: आपल्याला जे नकोसे वाटते ते दुसऱ्याच्या वाट्याला आणू नये. यातून चार बांधिलक्या निघाल्या. अहिंसा आणि जीवनाविषयी आदर. एकजूट आणि न्याय्य अर्थव्यवस्था. सहिष्णुता आणि सचोटी. स्त्री-पुरुषांचे समान हक्क आणि सहभाग. पृथ्वीची निगा राखण्याची पाचवी बांधिलकी २०१८ साली, टोरांटोच्या परिषदेच्या वर्षी, त्यात आली.

मराठी वाचक इथे भुवया उंचावील. यात नवे ते काय? हे तर शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी खडूने लिहायचे सुविचार. चोरी करू नका, खोटे बोलू नका, हे सांगायला शिकागोला जाण्याची गरज काय?

हा प्रश्न रास्त आहे आणि ही प्रस्तावना त्याच्याच उत्तरासाठी लिहिली आहे.

नवेपण त्या चार बांधिलक्यांत नाही. जाहीरनाम्यात आणखी एक गोष्ट आहे, जी धर्माच्या व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येते: कबुली. धर्मांचे पुढारी आणि अनुयायी द्वेष पेटवत आले आहेत, रक्तपाताला आशीर्वाद देत आले आहेत, हे इथे धर्माच्याच माणसांनी लिहून दिले आहे. दुसऱ्याच्या धर्माने काय केले याची यादी करायला कुणालाच कागद पुरत नाही. इथे मात्र आपापल्या घरातली धूळ आधी दाखवण्याची रीत पडली. माझ्या मते सर्वधर्मसंवादाचे खरे मोल तिथे आहे. शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन उभे राहिले, की आपल्या घराची मागची भिंत दिसते. पुढची बाजू आपण रंगवलेली असते, तोरण लावलेले असते. पोपडे धरलेली, ओल आलेली मागची भिंत रोज बघणारा शेजारीच असतो.

हे नुसते रूपक वाटू नये म्हणून एक प्रसंग सांगतो. १९६० सालच्या जून महिन्यात ज्यूल इझाक नावाचे फ्रेंच इतिहासकार रोममध्ये पोप तेविसावे जॉन यांना भेटले. इझाक ज्यू होते, वय ऐंशीच्या पुढे गेलेले. नाझींच्या संहारात त्यांची पत्नी आणि मुलगी बळी गेल्या होत्या. येशूच्या मृत्यूचा दोष सबंध ज्यू समाजावर टाकणारी शिकवण चर्चमधून शतकानुशतके चालत आली होती. तिने युरोपच्या मनात कोणते विष पेरले, हे त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे घालवून तपासले होते. त्याचे टिपण घेऊन ते आले होते. कुणाला आपल्या धर्मात ओढायला ते आले नव्हते. तुमच्या घराची ही भिंत एकदा बघा, एवढेच त्यांचे मागणे. पोपनी ते मनावर घेतले. १९६३ साली दोघेही वारले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीचे निवेदन २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत केले आणि तो जुना आरोप टाकून दिला. जगातल्या एका बलाढ्य धर्मसंस्थेने आपली शिकवण दुरुस्त केली, आणि ती कुठे दुखते हे तिला दाखवले परधर्मीय म्हाताऱ्याने.

त्याच व्हॅटिकन परिषदेत तज्ज्ञ म्हणून बसलेल्या तरुण धर्मशास्त्रज्ञांत हान्स क्यूंग होते. जन्म १९२८चा, स्वित्झर्लंडमधल्या सुरझे गावचा. जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठात ते १९६०पासून शिकवत होते. श्रद्धा आणि नीती यांविषयी पोपने आपल्या सर्वोच्च अधिकारात दिलेला निर्णय चुकू शकत नाही, हा सिद्धान्त चर्चने १८७० साली ठरवला होता. बरोबर शंभर वर्षांनी क्यूंगनी पुस्तक लिहून त्यालाच प्रश्न विचारला. १९७९च्या डिसेंबरात व्हॅटिकनने कॅथलिक धर्मशास्त्र शिकवण्याचा त्यांचा परवाना काढून घेतला. विद्यापीठाने त्यांना संशोधन संस्थेत ठेवले; चर्च त्यांनी सोडले नाही आणि धर्मगुरुपदही नाही. अभ्यासक्रमाच्या चौकटीतून सुटलेला हा माणूस मग इतर धर्मांकडे वळला. १९८४ साली त्यांचे जे पुस्तक आले, त्यात इस्लाम, हिंदू आणि बौद्ध परंपरांविषयी आधी त्या त्या विषयाचे जाणकार बोलतात. हिंदू परंपरेविषयी भारतविद्येचे अभ्यासक हाइनरिश फॉन श्टीटेनक्रोन. क्यूंग ऐकून घेतात आणि मग ख्रिस्ती म्हणून आपले म्हणणे मांडतात. आधी ऐकणे, मग बोलणे, या शिस्तीतून १९९०चे वैश्विक नीतीचे पुस्तक आणि तीन वर्षांनी शिकागोचा मसुदा आला. धर्मांमध्ये शांतता नसेल तर राष्ट्रांमध्ये शांतता नांदणार नाही, हे त्यांचे म्हणणे पुढे जगभर गेले. ते म्हणणाऱ्याने आधी आपल्या घरात वाद घातला होता आणि त्याची किंमत मोजली होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

संवादाच्या नावाने झालेली प्रत्येक बैठक अशी फळत नाही. आपल्याकडचे थोर उदाहरण म्हणजे अकबराचा इबादतखाना, धर्मचर्चेची त्याची वास्तू. फतेहपूर सीक्रीत १५७५ साली तो उभा राहिला तेव्हा तिथे फक्त मुसलमान विद्वान येत, आणि पहिला तंटा झाला तो कोण कुठे बसणार यावरून. शेवटी बादशहाला प्रत्येक गटासाठी वेगळी बाजू नेमून द्यावी लागली. पुढे दारे उघडली. ब्राह्मण, जैन, पारशी आले. १५८० साली गोव्याहून जेझुइट पाद्रीही जाऊन पोचले. त्यांचा प्रमुख रोदोल्फो आक्वाव्हीवा हा इटलीतल्या सरदार घराण्यातला तिशीचा तरुण. तीन वर्षे तो दरबारात वाद करत होता. बादशहा ख्रिस्ती होत नाही, असे दिसल्यावर तो गोव्याला परतला.

आणि तिथून ही गोष्ट काळवंडते. सीक्रीच्या दिवाणखान्यात पाद्री तर्काने बोलत होते, तेव्हा गोव्याच्या साष्टी प्रांतात पोर्तुगीज सत्ता देवळे पाडत होती. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी आपली शांतादुर्गा फातर्प्याला हलवली होती. १५८३च्या जुलैत आक्वाव्हीवा चार सोबत्यांसह चर्चसाठी जागा बघायला कुंकळ्ळीला गेला. चिडलेल्या गावकऱ्यांनी त्या पाचांना आणि बरोबरच्या काही स्थानिक ख्रिस्ती माणसांना ठार मारले. पुढे पोर्तुगिजांनी गावच्या सोळा मुखियांना बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांतल्या पंधरा जणांचे मुडदे पाडले. एकटा नदीत उडी टाकून निसटला.

बोलणी करायची म्हणून बोलावले. हे शब्द मला फार दिवस सोडत नव्हते. पाद्र्यांना मारणारे हात आणि मुखियांना मारणारे हात, दोन्हींकडे आपापला धर्म होता. संवादाचा देखावाही होता. नव्हती ती एवढी साधी गोष्ट, की निःशस्त्र आलेल्या माणसाला मारू नये आणि दिलेला शब्द मोडू नये. फळ्यावरचा सुविचार म्हणून आपण ज्याला हसलो, तो नसला की काय होते, ते असोळण्याला दिसते. नीती आधी असेल तरच संवाद टिकतो. नाहीतर संवाद हेच सापळ्याचे दुसरे नाव ठरते.

इतिहासाची लीला अशी, की त्या पाच जेझुइटांना रोमने धन्य हुतात्मे म्हणून गौरवले ते १८९३ साली. शिकागोची पहिली सर्वधर्म परिषद भरली ते हेच वर्ष. कुंकळ्ळीतले स्मरण मात्र निराळ्या वाटेने चालत राहिले. आज तिथल्या देवीच्या छत्र्यांच्या उत्सवात गावकऱ्यांच्या बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, रंगीत छत्र्या फातर्प्याहून कुंकळ्ळीला येतात, आणि गुलालात न्हालेल्या त्या गर्दीत त्याच कुळांतून ख्रिस्ती झालेल्या घरांची माणसेही असतात. कुणी जाहीरनामा लिहिला नव्हता.

१८९३च्या परिषदेचे नाव काढले की मराठी घरात स्वामी विवेकानंद आठवतात आणि ते योग्यच आहे. पण त्या सतरा दिवसांच्या सभेत मुंबईचे बी. बी. नगरकर होते, जैनांच्या वतीने वीरचंद गांधी होते, सिलोनचे अनागारिक धर्मपाल होते आणि पुण्याच्या सोराबजी कुटुंबातल्या जीन सोराबजी भारतीय स्त्रियांविषयी बोलल्या होत्या. गैरहजेरीही तितकीच बोलकी होती. कँटरबरीच्या आर्चबिशपनी आमंत्रण नाकारले, कारण ख्रिस्ती धर्म इतरांच्या पंगतीला बसवणे त्यांना मान्य नव्हते. इस्लामच्या वतीने मुख्यतः बोलला तो धर्मांतर केलेला एक अमेरिकन. आणि ज्यांच्या भूमीवर मांडव पडला होता, त्या मूलनिवासींना व्यासपीठावर जागाच नव्हती. शंभर वर्षांनी ती मिळाली. पण तेव्हाही वितुष्ट आलेच. नवमूर्तिपूजक पंथांसोबत बसायचे नाही म्हणून ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळी उठून गेली. एका वक्त्याला बोलावल्यामुळे काही ज्यू संघटना बाहेर पडल्या. संवादाच्या टेबलाभोवती कोण नाही, हे मोजल्याशिवाय त्याचे यशापयश ठरवू नये.

आता मराठी भूमीकडे येऊ. या विषयाशी आपले नाते उसने नाही. जोतीराव फुल्यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, शिकागोच्या दोन वर्षे आधी, १८९१ साली छापला गेला. पक्षाघाताने उजवा हात निकामी झालेला असताना डाव्या हाताने त्यांनी तो लिहिला. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. बाई बौद्ध मत पत्करते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सत्यधर्मी होतो, आणि सगळे एका घरात प्रेमाने राहतात. शिकागोत धर्म शेजारी शेजारी खुर्च्या मांडून बसले. जोतीरावांनी त्यांना एका चुलीपाशी बसवले. या कल्पनेपुढे आजही आपले घर, आपली लग्ने, आपल्या सोसायटीतली भाडेकरू निवडण्याची रीत उभी करून पाहावी.

विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्र शिकले आणि परतण्याआधी ॲमस्टरडॅमच्या उदार धर्मपरिषदेत त्यांनी निबंध वाचला. असा माणूस परत येऊन पूर्वेच्या अध्यात्माचे गोडवे गात हिंडला असता, तर कुणी नवल केले नसते. शिंद्यांनी १९०६ साली मुंबईत अस्पृश्यांसाठी मिशन काढले. शेजाऱ्याच्या अंगणात उभे राहून त्यांना आपल्या घराची कोणती भिंत दिसली, हे वेगळे सांगायला नको.

या विषयाला सर्वांत कठीण प्रश्न विचारला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. नीती तर सगळ्यांकडेच असते, असे ते म्हणतात. चोरांच्या टोळीतही असते, व्यापाऱ्यांत असते, जातीजातींत असते. पण ती आपल्या गटापुरती असते. गटाचे हित राखणे एवढेच तिचे काम, आणि म्हणून ती समाजाच्या मुळावर येते. नीती सर्वांसाठी एकच आणि पवित्र असली पाहिजे, हा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मधला आग्रह शिकागोच्या जाहीरनाम्यापेक्षा छत्तीस वर्षांनी जुना आहे आणि अधिक धारदारही. कारण तो विचारतो, तुमच्या धर्मातली दया कुंपणाच्या आत किती आणि बाहेर किती?

इथे मराठी भाषा आपल्या मदतीला येते. ‘वैश्विक नीती’च्या मूळ जर्मन संज्ञेत नीतीचे शास्त्र अभिप्रेत नाही. मुरलेले वागणे, अंगवळणी पडलेले शील अभिप्रेत आहे. आपल्याकडे त्यासाठी एक घरगुती शब्द तयार आहे: शेजारधर्म. त्यातला धर्म कुठल्याही पोथीतला नसतो. पाहुणे आले की अर्धा कप साखर, रात्री-अपरात्री दवाखान्यात सोबत, गावाला जाताना ठेवायला दिलेली किल्ली. शेजारी कोणत्या देवाला मानतो, हे किल्ली देताना आपण बघत नाही, विश्वास बघतो. वैश्विक नीती म्हणजे हा शेजारधर्म जगाएवढा करणे. अवघड आहे ते एवढ्यासाठीच, की ज्यांची किल्ली आपण कधी ठेवून घेतली नाही, त्यांच्याशीही तो पाळायचा आहे.

शिकागोत सह्या झाल्या त्याच वर्षी मुंबईने जानेवारीच्या दंगली आणि मार्चचे बॉम्बस्फोट सोसले होते. त्या काळात भिवंडी शांत राहिली. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी होरपळलेले हेच गाव. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे १९८८पासून मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या, हिंदू-मुसलमानांना नेमाने एकत्र बसवणाऱ्या. कुणाचा देव खरा, हा विषय तिथे नव्हता. अफवा उठली तर कुणाला विचारायचे, हे माणसांना ठाऊक झाले होते. ती ओळख दंगलीआधी झाली होती, म्हणून दंगलीच्या दिवसांत कामाला आली.

एक घरचा अनुभव सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा जण एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा जमू लागलो. सर्व धर्मांची माणसे आणि ज्यांना कुठलाच नको तेही. पहिले चार महिने बैठक छान झाली, म्हणजे काहीच झाले नाही. प्रत्येकाने आपला धर्म शांती शिकवतो असे सांगितले, बाकीच्यांनी माना डोलावल्या, चहा झाला. पाचव्या महिन्यात कुणीतरी नियम सुचवला: आज प्रत्येकाने आपल्याच धर्मातली, आपल्याला सलणारी एक गोष्ट सांगायची. दुसऱ्याच्या धर्माबद्दल एक अक्षर नाही. बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग एक निवृत्त शिक्षिका बोलल्या. लहानपणी महिन्याचे चार दिवस त्यांना गोठ्यालगतच्या खोलीत बसवत. वाईट त्याचे वाटत नाही, त्या म्हणाल्या. मी माझ्या मुलीलाही बसवले त्याचे वाटते. त्यांच्या समोर बसलेले गृहस्थ मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी मग आपल्या बहिणीची गोष्ट सांगितली, तिला वाटणीत काय मिळायला हवे होते आणि काय मिळाले. तिसऱ्याने आपल्या समाजाच्या दफनभूमीत जुन्या जातींच्या रांगा अजून कशा वेगळ्या आहेत, ते सांगितले. त्या संध्याकाळी चहा निवून गेला.

पुढच्या पानांत शिकागोच्या जाहीरनाम्याचा परिचय आहे, त्यावरचे आक्षेप आहेत आणि निरनिराळ्या परंपरांतून त्याकडे बघणारे लेख आहेत. आक्षेप आम्ही मुद्दाम राखले आहेत. मसुदा आधीच तयार होता, जमलेल्यांना त्यात बदल करता आला नाही. भाषा ढोबळ आहे. पाळला नाही तर जाब विचारणारे कुणी नाही. हे सगळे खरे आहे. सह्या करणाऱ्यांनाही ते माहीत होते, म्हणून त्यांनी त्याला आरंभीचा जाहीरनामा म्हटले.

वाचकाला विनंती एकच. वाचताना हाती पेन्सिल घ्यावी. दुसऱ्या धर्मावर टीका आली आणि बरे वाटले, तर तिथे खूण करू नये. आपल्या घराची ओल जिथे दिसली, जिथे पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले, तिथे करावी. आमच्या त्या खोलीत सहाव्या महिन्याला दोघे आले नाहीत. शिक्षिकाबाई आल्या होत्या, मुलीला सोबत घेऊन.